रिटायरमेंटचे पैसे सोन्यात टाकावेत का? (पोरगा एक म्हणतो, मेव्हणा एक, मिसेस तिसरंच)

लालपरी_५८ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, लिहायला आज पहिल्यांदाच बसलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सप्टेंबर २०२५ अखेर एसटीतून रिटायर झालो. चौतीस वर्षं नोकरी झाली, आधी कंडक्टर आणि शेवटची काही वर्षं कंट्रोलर म्हणून खिडकीत. फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ३१ लाख आत्ता परवा खात्यावर पडलेत. पेन्शन म्हणाल तर ईपीएस-९५ वाली (पीएफ खात्याची), साडेचार हजाराच्या आतबाहेर, किराणा आणि गॅस भागला की संपली. लातुरात स्वतःचं घर आहे, औशाकडं दोन एकर कोरडवाहू आहे, पोरीचं लग्न झालंय, डोक्यावर कर्ज नाही.

आता घरात रोज संध्याकाळी एकच विषय. मेव्हणा म्हणायलाय, दहा वर्षांपूर्वी सव्वीस हजाराला तोळा होता आज सव्वा लाख झालाय, निम्मे पैसे सोन्यात टाका आणि डोळे मिटून बसा. पोरगा पुण्याला असतो, तो म्हणतो घरात सोनं ठेवूच नका, मोबाईलवर डिजिटल घ्या, दहा रुपयाचं पण मिळतं. मिसेस म्हणतात जन्मभर काचेच्याच बांगड्या घातल्या, आता चार तोळ्याच्या पाटल्या तरी होऊ द्या. शेजारचे एक जण चांदी चांदी करायलेत, मागच्या वर्षी लाखाला किलो होती ती आता दीड लाखाच्या वर गेली म्हणून.

माझ्या मनात १५ लाखाचं सोनं घ्यावं आणि बाकीचं बँकेत टाकावं असं आहे. बरोबर आहे का? आणि घ्यायचं तर बिस्किट का दागिना का कागदावरचं? जाणकारांनी सांगावं.

मोंढा_नाका
मिसेसचं ऐका. बाकी कुणाचा सल्ला चुकला तर शिव्या तुम्हाला पडतील, हा चुकला तर पडणार नाहीत.

हुरडा_पार्टी
+१ वरच्याला. धागा इथंच बंद करा.

हिशोबनीस
काका, आधी एक सांगा, तुमचा महिन्याचा घरखर्च किती आहे? कारण धाग्यात सोन्याचा भाव आहे, चांदीचा भाव आहे, हा आकडाच नाही.

सोनं चांगलं का वाईट हा वाद बाजूला ठेवू. सोनं एक तारखेला खात्यावर काही टाकत नाही. तुमचा पगार थांबलाय, पेन्शन साडेचार हजार आहे, मग बाकीचं दर महिन्याला कुठून येणार हे पहिलं ठरवा. १५ लाखाचं सोनं कपाटात आणि दर तीन महिन्याला एक नाणं घेऊन सराफाच्या दारात, असं करणार आहात का? लोक करत नाहीत.

दुसरं, तुमचं वय ५८. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम ६० ला मिळते असं सगळे सांगतील, पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांना पण घेता येते, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि मिळाले त्यापेक्षा जास्त टाकायचे नाहीत. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, २०२३ मध्ये तीन केली. मर्यादा ३० लाख, व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यावर येतं. २० लाख टाकले तर तिमाहीला ४१ हजार. पाच वर्षं दर तोच राहतो, पुढं सरकारनं कमी केला तरी तुमचा बदलत नाही.

सोन्याची दुकानं पुढच्या वर्षी पण उघडी असणार आहेत, ही खिडकी मात्र तीन महिन्यांनी बंद होईल. कंट्रोलरला खिडकीचं मी काय सांगायचं.

लालपरी_५८
हिशोबनीस साहेब, ही तीन महिन्यांची गोष्ट मला खरंच माहीत नव्हती, बँकेतल्या पोरानं तर साठ पूर्ण झाल्याशिवाय नाही म्हणून वाटेला लावलं होतं. खर्च म्हणाल तर आम्ही दोघंच, १८ ते २० हजार लागतात, त्यात मिसेसच्या शुगरच्या गोळ्या आल्या.

सोयाबीन_चार_एकर
मेव्हण्याचं गणित मी वेगळं करून दाखवतो. २०१५-१६ ला सोयाबीनचा हमीभाव २६०० होता आणि तोळा सव्वीस हजाराच्या आसपास. म्हणजे दहा क्विंटल सोयाबीन = एक तोळा. यंदा (२०२५-२६) हमीभाव ५३२८ आणि तोळा सव्वा लाख, म्हणजे तेवीस-साडेतेवीस क्विंटल लागतंय, ते पण हमीभाव मिळाला तर. आणि यंदा सप्टेंबरात आमच्याकडं पाण्यानं जे केलं ते बघता माझं सोयाबीन रानातच कुजलं. तुमच्या औशाच्या दोन एकरातनं पाटली निघायची नाही काका, फंडातनंच काढा.

मोंढा_नाका
@सोयाबीन_चार_एकर, पुढच्या हंगामात सोनंच पेरा.

सोयाबीन_चार_एकर
पेरलं असतं, पण उगवल्यावर त्याचा भाव पण पाडतील.

सराफकट्टा
आमचा चार पिढ्यांचा धंदा, आता दुकान पुतण्याकडं असतं, मी नुसता गादीवर बसतो. माझ्याच पोटावर पाय येईल असं लिहितोय पण खरं लिहितो.

पैसे गुंतवायला म्हणून दागिना घेऊ नये. दागिना अंगावर घालायला घ्यावा. २२ कॅरेटचा भाव १,१४,००० धरा. मजुरी बारा टक्के धरा, नक्षीकामाला याहून जास्त पण लागते. वर ३ टक्के जीएसटी. एक तोळा तुम्हाला पडला १ लाख ३१ हजार ५०० च्या पुढं. दुसऱ्या दिवशी तोच डाग (दागिना) घेऊन मोडायला आलात तर मजुरी गेली, जीएसटी गेला, वर दोन टक्के घट कापली तर हातात १ लाख ११ हजार ७०० येतात. म्हणजे रात्रीत तोळ्यामागं वीस हजार गेले. दहा तोळ्याला दोन लाख. भाव तेवढा वर चढेपर्यंत तुम्ही नुसते तोटा भरून काढताय.

त्यापेक्षा २४ कॅरेटचं नाणं नाहीतर वेढणी बरी, घडणावळ नाममात्र. दागिनाच घ्यायचा तर तीन खुणा बघा, बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) शिक्का, २२के९१६ हा कस, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की डाग कुणी तपासला, किती कसाचा, सगळं दिसतं. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय विकताच येत नाही. हॉलमार्कची फी नगामागं ४५ रुपये, वर त्याचा जीएसटी, तेवढ्यासाठी कुणी "बिनहॉलमार्कचं स्वस्तात देतो" म्हणला तर चहा पिऊन उठायचं.

जुन्या डागात डाक (सांधायला घातलेली भेसळ) किती, आत भरलेली लाख (राळ) किती हे आटवल्यावरच कळतं. लोक आजीची पोकळ एकदाणी घेऊन येतात, पाच तोळे समजून, आतली लाख काढली की साडेतीन भरते, आणि मग माझ्याकडं चोराकडं बघावं तसं बघतात.

गोदाकाठी
काका, वेढणी म्हणजे नेमकं काय हो? आमच्या नांदेडकडं वळं म्हणतात तेच का?

सराफकट्टा
तेच. जाड तार गुंडाळून बोटात घालायची, ना खडा ना नक्षी. पूर्वी बैलबाजाराला जाताना लोक तेवढंच बोटात घालून जायचे, बैल पसंत पडला की वळं मोडलं.

तेरणाकाठ
वर बरेच जण हिशोब मांडायलेत, बरोबर असतील. मी नुसतं बघितलेलं सांगते.

३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांची होते. आमचं गाव किल्लारीपासून जवळच. पहाटे चारच्या आत भूकंपात सगळं झालं. घर दगडामातीचं, माळवदाचं, दोन-दोन हात जाड भिंती. आम्ही लेकरं अंगणात झोपलो होतो, रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन बघून आलो आणि आत जायचा कंटाळा केला म्हणून. आतल्या माणसांचं लिहीत नाही.

आजीचं सोनं उतरंडीत असायचं, सगळ्यात खालच्या मडक्यात, वर तूर आणि हुलगे. ढिगारा उपसायला मोकळीक मिळाली तेव्हा बाबा आणि चुलता पहिल्यांदा तिथंच गेले. पावसानं सगळा चिखल झालेला. मडक्याचे तुकडे, भिजून फुगलेले हुलगे, त्यात बोरमाळ तुटून पडलेली. चुलतीनं चाळण आणली आणि आम्ही पोरींनी ढेकळं फोडून एकेक मणी निवडला. चाळीस मणी होते, तेहतीस सापडले. आजी तिथंच दगडावर बसून मोजत होती, मधेच मोजणं चुकलं की परत पहिल्यापासून.

त्या मण्यांवर आमच्या बैलजोडीचं आणि रब्बीच्या पेरणीचं भागलं. शेडमध्ये राहात होतो तेव्हा हातात काय होतं, ते मणीच होते. म्हणून सोनं नको म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, सगळं आडवं झालं तर तेवढंच उभं राहतं.

मोंढा_नाका
🙏 ताई, तुमच्या या प्रतिसादावर विनोद नाही करत.

हिशोबनीस
@तेरणाकाठ, ताई, वाचून बराच वेळ काही लिहावं वाटलं नाही. एकच विचारतो, राग मानू नका. पोस्टाचं किंवा बँकेचं पासबुक पण ढिगाऱ्यातच गेलं असेल ना? त्याचं काय झालं?

तेरणाकाठ
राग कशाला. बाबांचं पोस्टात खातं होतं, पासबुक गेलं. दुसरं करून मिळालं, तीन-चार महिने लागले, खेटे घालावे लागले. पैसे मिळाले सगळे. तुम्ही काय म्हणणार ते कळलं, सात मणी कायमचेच गेले. पण त्या तीन-चार महिन्यांत खायचं काय?

हिशोबनीस
बरोबर. थोडं सोनं हवंच, माझा पण विरोध नाही. ३१ मधले १५ याला विरोध आहे.

बिंदुसरा
मी बीडचा. आमच्याकडं आता सोन्याकडं लोक का वळलेत माहितीय का? एका मल्टिस्टेट पतसंस्थेत माझ्या वडिलांचे सहा लाख होते. बँकेपेक्षा दीडपट व्याज, दिवाळीला मिठाईचा डबा, चेअरमन लग्नाला जातीनं हजर. एक दिवस शटर खाली. वडील रोज सकाळी चालत जाऊन शटरला हात लावून यायचे, दवाखान्यात जातो सांगून. अजून एक रुपया नाही.

तर मेव्हण्याची भीती मला कळते. पण भीतीचा इलाज सगळं सोन्यात टाकणं नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो, व्याजासकट, एका माणसाला एका बँकेत. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटीला तो विमा नसतो, दारावर "बँक" सारखं दिसणारं काहीही लिहिलेलं असो. काका, कुणी दहा-अकरा टक्के म्हणत घरी आला तर चहा पण पाजू नका.

सराफकट्टा
मी निदान चहा पिऊन उठा म्हणलो होतो, आता सगळ्यांचाच बंद करा 😀

हाली_सिक्का
जरा विषयांतर. कागदी सोन्याला हसणाऱ्यांसाठी आपल्या मराठवाड्यातलाच, म्हणजे जुन्या मालकाचाच दाखला देतो. हैदराबादच्या निजामानं १९६५ च्या युद्धाच्या वेळी पाच टन सोनं देशाला दान दिलं असं व्हॉट्सॲपवर दर वर्षी फिरतं ना? माहितीच्या अधिकारात उत्तर आलं ते असं, की त्यांनी ४२५ किलो सोनं नॅशनल डिफेन्स गोल्ड स्कीममध्ये गुंतवलं होतं, साडेसहा टक्के व्याजानं. म्हणजे दान नव्हे, गोल्ड बाँड! ज्याला जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणलं जायचं तो पण म्हणाला असणार, पडून राहण्यापेक्षा व्याज मिळतंय तर घ्या.

मोंढा_नाका
आणि आपण मात्र पाटल्या.

पैठणगेट
गोल्ड बाँडवरनं आठवलं. सरकारचे हे सोन्याच्या भावाचे रोखे मी पहिल्याच वेळेला घेतले होते, नोव्हेंबर २०१५, ग्रॅमला २६८४ रुपये, ५० ग्रॅम, १ लाख ३४ हजार २०० लागले. बँकेतल्या मॅडमनं टार्गेट आहे म्हणून गळ्यात मारले असं तेव्हा वाटलेलं. दर सहा महिन्याला १८४५ रुपये व्याज यायचं, २.७५ टक्क्यांनी. ३० नोव्हेंबर २०२३ ला ६१३२ च्या भावानं ३ लाख ६ हजार ६०० खात्यावर, त्या वाढीवर टॅक्स पण नाही. ना मजुरी ना घट ना लॉकर. आता रडायचं एवढंच की ५० च्या जागी २०० घ्यायला पाहिजे होते.

पण काका, नवे मिळत नाहीत. शेवटचे फेब्रुवारी २०२४ ला निघाले, ६२६३ भावानं, त्यानंतर सरकारनं काढलेच नाहीत. कारण सरळ आहे, भाव वाढला की द्यायचे सरकारनं असतात. जुने शेअर बाजारात विकत मिळतात पण चढ्या भावानं, आणि डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) लागतं.

नांदेडचा_पुणेकर
काकांच्या मुलाच्या वयाचाच आहे म्हणून लिहितो, डिजिटल गोल्डबद्दल पोराला सांगा की ८ नोव्हेंबर २०२५ ला सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) स्वतःच पत्रक काढलंय, ॲपवर मिळणारं डिजिटल गोल्ड त्यांच्या नियंत्रणाखाली येत नाही, काही बुडालं तर त्यांच्याकडं दाद नाही. शिवाय घेताना ३ टक्के जीएसटी आणि खरेदी-विक्रीच्या भावात वेगळा फरक.

कागदावरचंच पाहिजे असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घ्यायचे-विकायचे सोन्याचे फंड. आपल्याकडं २००७ पासून आहेत, सेबीच्या देखरेखीखाली. डिमॅट नसेल तर त्याच ईटीएफमध्ये पैसे टाकणारे गोल्ड फंड असतात, महिन्याला हजार-पाचशेची एसआयपी होते. ईटीएफ एक वर्षानंतर आणि घरातलं सोनं दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स.

रुपेरी_कडा
सगळे सोन्यातच अडकलेत. चांदी बघा चांदी! सोलर पॅनेलला चांदी लागते, इलेक्ट्रिक गाडीला लागते, मोबाईलला लागते, खाणीतनं तेवढी निघत नाही. सोनं तिजोरीत पडून असतं, चांदी वापरून संपते. मी मार्चमध्ये दोन किलोची पाट घेतली, हिशोब तुम्हीच करा.

गोदाकाठी
@रुपेरी_कडा, अभिनंदन. आता माझा पण हिशोब करा. एप्रिल २०११ ला आमच्या ह्यांनी असंच कुणाचं तरी ऐकून ७० हजाराच्या पुढं किलो चांदी घेतली, तेव्हा पण टीव्हीवर लाखाला जाणार म्हणत होते. २०१५ ला ३५ हजारावर आली. चार वर्षांत निम्मी. २०१६ ला सासऱ्यांच्या ऑपरेशनला पैसे लागले तेव्हा मोडावी लागली. लाखाला गेली हे खरंच झालं की, २०२४ ला, तेरा वर्षांनी! तोपर्यंत सासरे पण नव्हते आणि चांदी पण.

आणि ती वीट घरात ठेवायची कुठं? आमच्याकडं पिठाच्या डब्यात होती, भावजय पीठ घ्यायला आली आणि डबा उचलेना.

मोंढा_नाका
😂😂 पिठाला वजन आलं म्हणाली असेल.

रुपेरी_कडा
तुमची वेळ चुकली ताई, चांदी चुकली नाही.

हिशोबनीस
@रुपेरी_कडा, रिटायर माणसाला वेळ निवडता येत नाही हाच तर मुद्दा आहे. तुम्हाला पगार आहे, तुम्ही २०११ मधली चांदी २०२४ पर्यंत सांभाळू शकता. काकांचं ऑपरेशन भाव बघून ठरणार नाही. सोन्याचं पण तेच, २०१२ च्या दिवाळीत तोळा ३१ हजाराच्या आसपास होता आणि २०१८ च्या दिवाळीत पण तिथंच. सहा वर्षं. तेव्हा मेव्हणा काय म्हणत होता विचारा.

आणि चांदीच्या ईटीएफचं यंदा (२०२५) ऑक्टोबरात काय झालं ते आठवा, चांदीची एवढी टंचाई झाली की ईटीएफ चांदीच्या खऱ्या भावापेक्षा बरेच वर विकले जात होते, काही फंडांनी एकरकमी पैसे घेणंच थांबवलं होतं. दुकानदार स्वतःच घेऊ नका म्हणतोय असं कधी होतं का?

गंजगोलाई_१६
माझ्या जावयानं प्लॅटिनमची अंगठी घेतली होती, सोन्यापेक्षा भारी धातू म्हणून. मागच्या महिन्यात मोडायला घेऊन गोलाईत (लातूरच्या बाजारपेठेत) फिरलो. पहिला म्हणला आम्ही घेत नाही. दुसरा म्हणला ज्यांच्याकडनं घेतली त्यांच्याकडंच जा. तिसऱ्यानं चांदीचा भाव सांगितला. भारी धातू आहे, पण भारी कुणासाठी ते कळलं नाही. नंतर तिथंच भजे खाल्ले आणि घरी आलो.

हुरडा_पार्टी
भजे कुठले खाल्ले ते सांगा आधी, गुंतवणूक नंतर बघू.

गंजगोलाई_१६
देवळाच्या बाजूनं आत शिरलं की डाव्या हाताला. नाव नाही दुकानाला, गर्दीवरनं ओळखायचं.

मांजरा_डावा_कालवा
उशिरा आलो धाग्यावर. सगळ्यांनी भाव, मजुरी, टॅक्स सांगितलं. मला जे म्हणायचंय ते कुणी म्हणलं नाही म्हणून जरा लांबलचक लिहितो.

२०१९ ला वडिलांना अटॅक आला. संभाजीनगरला नेलं, बायपास, पुढं इन्फेक्शन, सगळं मिळून साडेसात लाख. घरात आईचं सोनं होतं, पाटल्या, गोठ, मोहनमाळ, मिळून बावीस तोळे. वडिलांनी नोकरीत असताना दर बोनसला थोडं थोडं करून घेतलेलं, आणि घेताना प्रत्येक वेळी एकच वाक्य, "म्हातारपणी उपयोगी पडेल."

आलं की म्हातारपण. आयसीयूच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी आईला म्हणलो, दहा तोळे मोडू. आई काही बोलली नाही, पदराखाली हात घेतले. संध्याकाळी मावशी आल्या, म्हणाल्या नवरा दवाखान्यात असताना बाईच्या हातातलं काढतात का रे, अपशकुन करतोस. मामा म्हणले लोक काय म्हणतील, घर बुडालं म्हणतील. मग काय, चार लाख तीन टक्क्यानं उचलले. तीन टक्के वर्षाला नव्हे, महिन्याला. ते फेडायला मला अडीच वर्षं लागली आणि त्यात एक एकर गेलं.

सोनं? आहे की. सगळं आहे. वडील २०२२ ला गेले. आई आता हातात काही घालत नाही. बावीस तोळे लॉकरमध्ये आहेत, आजच्या भावानं बघा किती होतात. लॉकरचं भाडं मी भरतो. आणि काही झालं तर बँक भाड्याच्या शंभरपट एवढीच जबाबदार, हा नियम आम्हाला सही करताना कळला.

तर लालपरी काका, सोनं वाढतं हे खरंय, मेव्हणा खोटं बोलत नाही. पण आपल्याकडं सोनं घेणं जेवढं सोपं तेवढं मोडणं अवघड. एफडी मोडली तर शेजाऱ्याला पण कळत नाही. पाटली मोडली तर भाऊबंदकीत पंचायत बसते. घ्यायच्या आधी काकूंना समोर बसवून विचारा, वेळ आली तर मोडू देशील का? हो म्हणल्या तर ते म्हातारपणाचं सोनं. नाही म्हणल्या तर तो सुनेचा वाटा आहे, तुमच्या हिशोबात धरू नका.

तेरणाकाठ
हे खरंय भाऊ. आमच्याकडं मोडलं गेलं कारण पंचायत करायला मागं कुणी राहिलंच नव्हतं.

बिंदुसरा
मोडायच्या ऐवजी गहाण ठेवायचं ना? बँकेचं गोल्ड लोन तीन टक्के महिन्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडलं असतं. सोन्याच्या किमतीच्या पाऊण रकमेपर्यंत तेव्हा द्यायचे, तासाभरात.

मांजरा_डावा_कालवा
आज सुचतंय भाऊ. तेव्हा खुर्चीवर बसून सुचत नव्हतं. आणि गहाण हा शब्द आईपुढं काढायचा म्हणजे मोडण्यापेक्षा वाईट.

सराफकट्टा
मांजरा भाऊंचं बरोबर आहे. माझ्या गादीसमोर रडणारी माणसं रोज येतात, पण विकत घेताना नाही. माझे वडील सांगायचे, १९६३ ला मोरारजीभाईंनी सोने नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही, तेव्हा सोनारांचे हातच बांधले गेले, आमच्या घरात बागेश्वरी (म्हणजे शेगडी हो, भट्टीची) कितीतरी दिवस पेटली नाही. लोकांनी घरातलं सोनं बाहेर काढावं म्हणून केलेलं ते. कुणी काढलं? पुरून ठेवलं. कायद्याला जे जमलं नाही ते आयसीयूला कसं जमेल.

पैठणगेट
सोनं बाहेर सरकारलाच काढावं लागलं, १९९१ ला. रिझर्व्ह बँकेचं ४७ टन गहाण. बघा, वेळ आली की देश पण गहाण ठेवतो.

लालपरी_५८
मंडळी, दहा-बारा दिवस काही लिहिलं नाही, कारण पळापळ चालू होती. सगळे प्रतिसाद मिसेसना वाचून दाखवले, तेरणाकाठ ताईंचा वाचताना मधेच थांबावं लागलं, ९३ ला मी निलंगा गाडीवर होतो, पुढं पंधरा दिवस त्या रस्त्यानं गाडीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

तर झालं असं. पोस्टात गेलो, हेड ऑफिसला. खिडकीतल्या बाईंनी पण आधी साठ पूर्ण नाही म्हणून फॉर्म परत सरकवला. मी म्हणलो मॅडम मी पण खिडकीत बसलेला माणूस आहे, एकदा नियम बघा. त्यांनी पुस्तक काढून बघितलं, साहेबाला विचारलं, आणि घेतला. रिटायरमेंटचा आदेश आणि किती पैसे कधी मिळाले त्याचा दाखला जोडावा लागला, पैसे चेकनंच. २२ लाख टाकले, मिसेसच्या नावासोबत जॉइंट. तिमाहीला ४५ हजार १००, म्हणजे महिन्याला पंधरा, वर पेन्शन. तेवढ्यात आमचं भागतं. आणि साठ पूर्ण नाहीत म्हणून १५एच नव्हे, १५जी फॉर्म भरावा लागला, हे पण तिथंच कळलं, नाहीतर व्याजातनं टॅक्स (टीडीएस) कापला असता.

पाच लाख एफडीला, दवाखान्यासाठी, वेगळं. पोराला म्हणलो डिजिटल बिजिटल नको, गोल्ड फंडात महिन्याला पाच हजाराची एसआयपी लाव, तेवढे पैसे बाजूला ठेवलेत.

आता पाटल्या. शनिवारी गोलाईत गेलो दोघं. चार तोळ्याची जोडी हातात घालून बघितली, मिसेसच्या मनगटावर चांगली दिसत होती, खोटं कशाला बोलू. दुकानदारानं बिलाचा कागद पुढं सरकवला. मिसेसनं चष्मा लावला, मजुरी किती म्हणून विचारलं, त्यानं आकडा सांगितला. मिसेस म्हणल्या एवढ्या मजुरीत माझ्या गोळ्या किती वर्षं येतील. पाटल्या काढून ठेवल्या आणि दोन तोळ्याच्या, बिननक्षीच्या, साध्या दाखवा म्हणल्या. त्या घेतल्या. एचयूआयडी तिथंच ॲपमध्ये टाकून बघितला, पोरगा व्हिडिओ कॉलवर होता.

येताना रिक्षात मी मांजरा भाऊंचा प्रश्न विचारला. वेळ आली तर मोडू देशील का. बऱ्याच वेळानं, औसा रोडला लागल्यावर म्हणल्या, एक मोडा, एक राहू द्या.

हिशोबनीस
दोन्ही वेगवेगळ्या वजनाच्या का सारख्या? बिलावर प्रत्येकीचं वजन वेगळं लिहून घेतलं ना?

लालपरी_५८
सारख्या. एक-एक तोळा. लिहून घेतलं.

मोंढा_नाका
पहिला प्रतिसाद कुणाचा होता ते जरा वर जाऊन बघा मंडळी.

हुरडा_पार्टी
ते सगळं ठीक, भजे खाल्ले का?

लालपरी_५८
डाव्या हाताला. गर्दी होती.